शिवराईचे प्रकार: खूण कोणती, योगायोग कोणता

मुंबई टांकसाळीच्या १८६२ साल कोरलेल्या चांदीच्या रुपयावर सालाखाली बारीक ठिपके सापडतात, कुठे एक, कुठे तीन, कुठे त्याहून जास्त. व्हिक्टोरिया राणीच्या त्या रुपयावरचे साल १८७४ पर्यंत बदललेच नाही. त्यामुळे नाणे प्रत्यक्षात कोणत्या वर्षी पडले ते कळावे म्हणून टांकसाळीने ठेवलेली ही खूण असावी असे अभ्यासक मानतात आणि संग्राहक भिंग लावून ठिपके मोजतात. तिथे ते मोजणे रास्त आहे. शिवराईवरही ठिपके आहेत. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ या दोन्ही बाजूंच्या अक्षरांभोवती ठिपक्यांचे कडे असते आणि तेही मोजून प्रकार पाडण्याचा मोह होतो. हे दुसरे मोजणे मात्र बहुतेक वेळा वाया जाते. नाणे ज्या रीतीने तयार झाले, त्या रीतीमुळेच त्या ठिपक्यांना तसा अर्थ उरत नाही. कोणता फरक प्रकार ठरवतो आणि कोणता नुसता हाताचा फेर असतो, हा शिवराईच्या अभ्यासातला कळीचा प्रश्न आहे. तो नीट न सोडवता केलेल्या याद्या कितीही लांबल्या तरी त्यांतून इतिहास हाती लागत नाही.

शिवराई म्हणजे तांब्याचा पैसा. रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि ‘छत्रपती’ हे पद धारण करणाऱ्या राजाच्या नावाने हा पैसा चालू झाला. एका बाजूस तीन ओळींत श्री, राजा, शिव आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत छत्र, पति. साल नाही, टांकसाळीचे नाव नाही. याच लेखाचा सोन्याचा होनही पाडला गेला. पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचे ते होन आज फारच थोडे माहीत आहेत. तांब्याच्या पैशाची गोष्ट उलटी आहे. महाराजांच्या निधनानंतर हा लेख थांबला नाही. साताऱ्याच्या गादीच्या काळात, पेशवाईत, इतकेच काय १८१८ नंतर कंपनी सरकारच्या अमलातही काही काळ याच नावाचे पैसे पडत राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते देशावरच्या आणि कोकणातल्या बाजारांत चालले. म्हणजे एकच मजकूर दीडशे वर्षे ठोकला गेला. यात जगावेगळे काही नाही. लोकांचा ज्या नाण्यावर विश्वास बसला त्याचा लेख बदलू नये, हा हिंदुस्थानातल्या टांकसाळींचा जुना व्यवहार होता. कंपनीने बंगालमध्ये शाह आलमच्या एकोणिसाव्या जुलूस वर्षाचा रुपया वर्षानुवर्षे तसाच पाडला. १८४० साल कोरलेला व्हिक्टोरियाचा रुपयाही १८६२चा नवा रुपया येईपर्यंत त्याच सालाने निघत राहिला. गोठलेला लेख असला की नाण्याचा खरा काळ कळण्यासाठी बारीक फरकांकडेच वळावे लागते, आणि म्हणून शिवराईच्या प्रकारांचा प्रश्न हौशी लोकांची करमणूक इतकाच उरत नाही.

अडचण अशी की प्रकार पाडण्याची आपली सवय यंत्राच्या नाण्यांवर घडली आहे. १८४०च्या रुपयाचे उदाहरण घ्या. त्याच्या एका प्रकारात ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरे राणीच्या डोक्यावरून सलग जातात, तर १८५०च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या प्रकारात डोक्याच्या दोहो बाजूंस विभागली जातात. हा फरक पक्का आहे, कारण यंत्राच्या टांकसाळीत कामाचे सगळे ठसे एका मूळ ठशावरून उठवलेले असतात. मूळ बदलले तरच नाणे बदलते आणि मूळ बदलायचे तर कुणीतरी तसा निर्णय घ्यावा लागतो. १९११ साली पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२च्या रुपयावर तो हत्ती सुधारून आला. इथे फरक, त्याचे कारण आणि वर्ष तिन्ही हाती लागतात. अशा नाण्यांवर भिंग चालवणारा संग्राहक शिवराईकडे वळतो तेव्हा तीच नजर घेऊन येतो. अक्षराचा एखादा कोन वेगळा दिसला की त्याला नवा प्रकार सापडतो.

शिवराई मात्र हाती ठोकलेली आहे, आणि हाती ठोकलेल्या नाण्यात प्रत्येक ठसा स्वतंत्र कोरलेला असतो. कारागीर लोखंडाच्या तुकड्यावर उलटी अक्षरे कोरतो, तापवलेली वा थंड तांब्याची चकती दोन ठशांमध्ये धरतो आणि घणाचा घाव घालतो. ठसा झिजला किंवा चिरला की दुसरा कोरतो. त्या दुसऱ्या ठशातले ‘श्री’ पहिल्यासारखे हुबेहूब येण्याचे काहीच कारण नाही. म्हणजे काटेकोरपणे बोलायचे तर शिवराईचे प्रकार तितकेच, जितके ठसे. हा आकडा हजारांत जाईल आणि त्याला ‘प्रकार’ म्हणण्यात अर्थ उरणार नाही. शिवाय चकती ठशाहून लहान असते. संपूर्ण ठसा उमटलेली शिवराई विरळाच. बहुतेकांवर ठिपक्यांच्या कड्याचा एखादा कंस असतो, वरच्या किंवा खालच्या ओळीची अर्धी अक्षरे कडेबाहेर गेलेली असतात. मूळ कड्यात किती ठिपके होते हे अशा तुकड्यावरून सांगता येत नाही. आणि सांगता आले तरी कळेल ते एवढेच की त्या कारागिराने त्या दिवशी पोगर किती वेळा टेकवला.

मग अक्षरांचे काय? शिवराईच्या प्रकारांची बहुतेक मांडणी आजवर लेखनातल्या फरकांवरच उभी राहिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने सुमारे २५ हजार शिवराई नाणी तपासली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास मांडला. पुढे संतकवींच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतर केले तेच हे ॲबट. ही नाणी तेव्हा बाजारातून झपाट्याने नाहीशी होत होती, त्यामुळे त्यांच्या नोंदींचे मोल आजही कमी झालेले नाही. शिव, सिव, शीव, सीव; राजा आणि राज; पति आणि पती अशी रूपे तेव्हापासून अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. त्यांची एकमेकांशी जोडणी केली की कागदावर प्रकारांची मोठी संख्या सहज होते. पण या रूपांतून काळाचा क्रम लावता येतो का? शुद्ध ‘शिव’ आणि ‘पति’ आधीचे, दरबारी पंडितांच्या देखरेखीखालचे, आणि ‘सीव’ व ‘पती’ नंतरचे, बिघडलेले, अशी समजूत सर्रास आढळते. राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश रचवून घेणारा दरबार नाण्यावर अशुद्ध कसे लिहू देईल, असा तिच्यामागचा तर्क आहे. ऐकायला तो पटतो. पुराव्यावर घासला की टिकत नाही.

पहिले कारण कोरण्याच्या क्रियेतच आहे. ठशावर सगळे उलटे कोरायचे असते. सरळ लिहिताना ऱ्हस्व वेलांटीची उभी रेघ अक्षराच्या डावीकडे येते, म्हणून ठशावर ती उजवीकडे कोरावी लागते. कारागिराने सवयीने ती डावीकडे कोरली की नाण्यावर ‘पति’चे ‘पती’ होते. ज्याला आपण लेखनभेद म्हणून वर्गात बसवतो तो इथे केवळ एका रेघेची बाजू चुकल्याने झालेला असू शकतो. श आणि स यांचेही तसेच. श मधले लहानसे वळण कोरताना राहिले किंवा घाव कमी पडल्याने धातू त्या खाचेत भरला नाही, तर ‘शिव’चा ‘सिव’ वाचला जातो. दुसरे कारण लेखनपरंपरेचे. त्या काळचा मराठी कारकून मोडी लिहीत असे आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. आज आपल्याला जे शुद्धलेखन वाटते त्याचे नियम छापखाना, शाळा आणि एकोणिसाव्या शतकातली व्याकरणे यांनी घडवले. सतराव्या शतकातल्या ठशावर ‘पती’ दिसले म्हणून ते उतरत्या काळातले ठरवणे म्हणजे आपल्या शाळेतला तांबडा शेरा तीनशे वर्षे मागे नेऊन मारणे होय.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. लेखनभेद यदृच्छेने झाले असते तर सगळी रूपे सगळीकडे सारखी विखुरलेली दिसली असती. तसे दिसत नाही. काही जोड्या वारंवार एकत्र येतात, विशिष्ट वळणाच्या ‘श्री’सोबत विशिष्ट ‘पती’ येतो, आणि काही भागांतल्या बाजारांत एकच घाट पुन्हा पुन्हा सापडतो. हे खरे आहे. त्याचे कारण शोधायला पेशवाईतल्या टांकसाळींची व्यवस्था पाहावी लागते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी अमलातील चलन आणि टांकसाळी यांवर जो निबंध लिहिला त्यात पेशवे दफ्तरातील परवान्यांचा आधार आहे. टांकसाळ बऱ्याचदा सरकारी कारखाना नसे. कुणी सोनार, सराफ वा व्यापारी सरकारात रक्कम भरून ठराविक मुदतीसाठी नाणी पाडण्याचा परवाना घेई. नागोठण्यासारख्या कोकणातल्या गावीही अशी तांब्याची टांकसाळ चालली. इतक्या लोकांनी इतक्या ठिकाणी एकच लेख पाडला तर प्रत्येक ठिकाणचा कारागीर आपला हात आणि आपली चूक घेऊन येणारच, आणि त्याचा मुलगा वा शिकाऊ तीच चूक गिरवणार. तेव्हा लेखनभेदाला अर्थ आहे, हे मान्य करायला हवे. फक्त तो अर्थ कारखान्याचा आहे, काळाचा नाही. ‘सीव’ हे रूप नाणे कुठल्या घरातून निघाले हे सांगू शकेल. ते १६८०चे की १७८०चे हे एकट्याने सांगणार नाही.

वजनाचीही अशीच गत. सुरुवातीची समजली जाणारी शिवराई साधारणपणे तोळ्याची किंवा त्याहून थोडी वरची, म्हणजे १२ ते १३ ग्रॅमपर्यंत, आणि उत्तरकाळातली ८ ते १० ग्रॅमच्या दरम्यान, असा ढोबळ उतार दिसतो. म्हणून जड ती जुनी, असा झटपट नियम बाजारात रूढ झाला. तांब्याचा भाव चढला की पैशाचे वजन उतरते, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. पण परवान्यात पैशाचे वजन ठरवून दिलेले असे आणि दोन परवान्यांतले वजन सारखेच असे नाही. शिवाय पैशासोबत ‘ढबू’ नावाचे जड नाणेही पडत होते. त्यात झीज धरा. शंभर वर्षे हातोहात फिरलेले आणि मग मातीत गंजलेले तांबे दीड-दोन ग्रॅम सहज गमावते. उलट, पडल्यावर लगेच पुरली गेलेली उशिराची शिवराई ताज्या वजनात हाती येते. शंभर नाण्यांच्या गटाचे सरासरी वजन उपयोगी आहे. एकट्या नाण्याला काट्यावर ठेवून त्याचा काळ ठरवणे धोक्याचे.

तरीही शिवराईचे खरे प्रकार ओळखता येतात, आणि दुदांडी हे त्याचे सर्वांत भक्कम उदाहरण आहे. या नाण्यावर लेखाच्या ओळींमध्ये दोन आडव्या समांतर रेघा असतात, म्हणून ती दुदांडी. एवढ्याच फरकावर ती वेगळी काढली असती तर वरचे सगळे आक्षेप तिलाही लागले असते. ती टिकते ती वेगळ्या बळावर. रेघा दिसल्या की बाकीच्या गोष्टीही सोबत बदललेल्या दिसतात. वजन खालच्या मर्यादेत येते, चकतीचा घाट बदलतो, अक्षरे बटबटीत आणि घाईची होतात. हे सगळे एका ठशापुरते नाही, शेकडो वेगवेगळ्या ठशांवर एकत्र आढळते. दोन रेघा चुकून पडत नाहीत, त्या पाडायच्या असे ठरवावे लागते. त्यांचा काळ पेशवाईच्या उतरत्या दिवसांत आणि कंपनीच्या सुरुवातीच्या अमलात बसतो. पुण्याच्या टांकसाळीतून इंग्रजांनी शाह आलमच्या नावाचा अंकुशी रुपया फसली सन घालून पुढेही चालूच ठेवला होता, तोच व्यवहार तांब्यातही. शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढल्यानंतरही छत्रपतींच्या नावाचा पैसा पडत होता, ही गोष्ट दुदांडीशिवाय इतक्या ठळकपणे कळली नसती. इथून कसोटी अशी निघते: ज्या खुणेमागे निर्णय दिसतो, जी अनेक ठशांवर पुन्हा येते आणि जिच्याबरोबर वजन, घाट, अक्षरवळण यांपैकी निदान दोन गोष्टी बदलतात, ती खूण प्रकार ठरवते. बाकी सारे ठशांचे भेद.

याच कसोटीवर सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न घासला पाहिजे. खुद्द महाराजांच्या हयातीत, १६७४ ते १६८० या सहा वर्षांत पडलेली शिवराई कोणती? प्रत्येक संग्राहकाला ती हवी असते आणि विक्रेता प्रत्येक पाकिटावर ‘रायगड छाप’ लिहायला तयार असतो. शिवराईवर टांकसाळीचे नाव नसताना ही छाप आली कुठून, हे विचारण्याचा रिवाज नाही. पहिल्या गटाकडे जाण्याची वाट आहे, पण ती अरुंद आहे. सोन्याचा होन रोजच्या बाजाराचा पैसा नव्हता. त्याचे ठसे निगुतीने कोरलेले आहेत आणि तो दीडशे वर्षे वेगवेगळ्या परवानेदारांनी पाडला असे म्हणायला आधार नाही. तेव्हा होनावरच्या अक्षरांच्या वळणाशी जुळणारी, पूर्ण तोळ्याच्या आसपासची, नीटस कड्याची तांब्याची नाणी आरंभीच्या काळातली असण्याचा संभव बराच. संभव बराच, एवढेच. कारण होनाचा काळही मुख्यतः लेखावरूनच ठरवला आहे, आणि लेख तर गोठलेला. एका अंदाजाच्या खांद्यावर दुसरा अंदाज उभा आहे हे विसरून चालणार नाही. चांगल्या कारागिराने १७२० साली जुना पैसा समोर ठेवून तसाच नीटस ठसा कोरला असेल तर तो या गाळणीतून सुखरूप पार होईल.

असे म्हटले की दोन बाजूंनी विरोध होतो. काहींना ही शंका अनादर वाटते. त्यांना उत्तर असे की सहा वर्षांचे श्रेय दीडशे वर्षांच्या सगळ्या नाण्यांना वाटून टाकले तर खरोखर त्या सहा वर्षांतले नाणे कायमचे गर्दीत हरवते. दुसरा विरोध व्यवहाराचा आहे: सूची छापायची, लिलाव करायचा, संग्रह लावायचा तर काहीतरी सोपी विभागणी हवीच, आणि लेखनभेद डोळ्यांना दिसतो, ठसा-अभ्यास दिसत नाही. हे कबूल. लेखनावरून क्रमांक द्यायला हरकत नाही, पुस्तकांच्या कपाटालाही क्रमांक असतातच. त्या क्रमांकाला काळ आणि दुर्मिळता चिकटवली जाते तिथे घोटाळा होतो. एखादे रूप दुर्मिळ ठरते ते कधी कधी एकाच चुकलेल्या ठशामुळे, आणि अशा चुकीला राजाच्या नाण्याहून जास्त भाव मिळतो, ही गंमत बाजारालाच शोभते. त्या भावाच्या आशेने ओतीव नकलाही निघतात. नकलेत हव्या त्या वेलांटीचा प्रकार तयार करणे फार अवघड नाही, आणि म्हणूनही वेलांटीवर भिस्त ठेवणे बरे नव्हे.

आजवरच्या अभ्यासाचा खरा हिशेब मांडायचा तर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांच्या १९८९च्या ‘मराठा मिंट्स अँड कॉइनेज’ या ग्रंथाने प्रश्नाची दिशा योग्य ठेवली होती. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेने काढलेल्या या पुस्तकाने मराठी चलनाकडे टांकसाळींच्या अंगाने पाहायला लावले, नुसत्या लेखांच्या यादीवर थांबले नाही. पुढचे पाऊल ठशांची जुळणी हे आहे. एकाच ठशाच्या दर्शनी बाजूला दोन वेगळ्या मागील बाजू जोडलेल्या सापडल्या, तर ती सगळी नाणी एका कारखान्यातून आणि जवळपास एका काळातून निघाली हे ठामपणे म्हणता येते. असे दुवे जोडत गेले की साखळ्या तयार होतात, आणि त्या साखळीत ‘शिव’ आणि ‘सीव’ शेजारी शेजारी आले तर काळाचा वाद तिथेच मिटतो. नाणी फार म्हणून हे अशक्य, असे म्हटले जाई. आज संग्रहालयांच्या खोक्यांत पडलेली नाणी चांगल्या उजेडात छायाचित्रित करून संगणकावर शेजारी ठेवणे फार खर्चाचे राहिलेले नाही. सगळी नाणी लागतही नाहीत, प्रामाणिकपणे निवडलेला नमुना पुरतो. धातूच्या तपासणीकडूनही थोडी आशा आहे. सतराव्या शतकात डच व्यापारी जपानी तांबे सुरतेला आणत होते, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडचे तांबे वाढत्या प्रमाणात आले. दोन्हींतल्या अंशमात्र धातूंचे प्रमाण वेगळे असू शकते. मात्र जुनी भांडी आणि जुने पैसे वितळवून नवे पाडण्याची रीत असल्याने निकाल स्वच्छ येतीलच असे नाही, आणि गंजलेल्या पृष्ठभागावर घेतलेले माप तर फसवेच.

या सगळ्याहून जास्त गरज आहे ती ठावठिकाण्याची. शेतात, पडक्या वाड्यात वा नदीच्या पात्रात सापडलेला शिवराईचा साठा कायद्याने कळवायचा असतो, तरी पुष्कळदा तो वजनावर मोडीत जातो किंवा वाटून विकला जातो. सोबत साल असलेली मोगल वा आदिलशाही नाणी असतील तर त्यांच्यामुळे साठा कधी पुरला हे कळले असते. ती वेगळी काढल्यावर तो पुरावा कायमचा गेला. संग्रहालयाच्या पत्रावर ‘शिवराई, तांबे’ एवढेच लिहिलेले असते, तिथे ‘अमुक गावी, अमुक नाण्यांसोबत’ ही एक ओळ असती तर लेखनभेदांच्या सगळ्या कोष्टकांहून ती जास्त बोलली असती.

नावांचा गुंता अजून सुटायचा आहे. ‘श्री राजा शंभु’ लेखाची दुर्मिळ नाणी संभाजी महाराजांची मानली जातात, पण कोल्हापूरच्या गादीवर १७१४ नंतर दुसरे संभाजी होते. ‘राजा राम’ वाचले की जिंजीचे राजाराम आठवतात, पण शाहूंनंतर १७४९ साली साताऱ्याला रामराजे गादीवर आले आणि १७७७ पर्यंत राहिले. आणि खुद्द ‘राजा शिव’? कोल्हापूरकडे शिवाजी नावाचे आणखी छत्रपती होऊन गेले, आणि शाहूंचे जन्मनावही शिवाजीच होते. यांपैकी कुठल्या कारखान्याने जिवंत राजाचे नाव घातले आणि कुठल्याने केवळ जुना पैसा गिरवला, हे नाव वाचून कळणार नाही. ‘राजा राम’ लेखाच्या नाण्यांचे ठसे एकीकडे होनाच्या वळणाच्या जड शिवराईशी आणि दुसरीकडे पेशवाईतल्या हलक्या पैशाशी ताडून पाहणे, एवढे काम जरी कुणी हाती घेतले तरी निदान दोन राजारामांमधला हा वाद निकालात निघू शकेल.